गटाराच्या तोंडाशी मासा

सिएटल शहराच्या पश्चिम भागात लाँगफेलो क्रीक नावाचा ओढा आहे. काठावरच्या घरांना एरवी त्याची फारशी दखलही घ्यावी लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस पडून गेला की मात्र मांडीपर्यंत येणारे रबरी बूट चढवून काही माणसं त्याच्या पात्रातून चालत जातात. मेलेला कोहो सॅल्मन दिसला की थांबतात, त्याची लांबी मोजतात, नर की मादी ते पाहतात, आणि मादी असेल तर सुरीने तिचं पोट उघडतात. आत काय सापडलं ते वहीत टिपायचं असतं.

आपल्याकडे मासळीबाजारात पोट फुगलेलं दिसलं की गिऱ्हाईक खूश होतं: गाबोळी असणार! इथे सगळं उलटं आहे. पोट रिकामं निघालं की माणसांचे चेहरे उजळतात, कारण मादी अंडी घालून मगच गेली. अंडी घातल्यावर मरणं हा पॅसिफिक महासागरातल्या सॅल्मनचा रिवाजच आहे, त्याचं कुणी दुःख करत नाही. पोटात गाबोळी गच्च भरलेली निघाली, तर ती मादी समुद्रातून इतक्या लांब येऊन काम न करताच मेली. लाँगफेलो क्रीकमध्ये वर्षानुवर्षं बहुतेक माद्या अशाच निघत आल्या.

या गोष्टीचा छडा लागायला वीसेक वर्षं गेली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सिएटलमधल्या काही ओढ्यांवर बरंच काम झालं होतं. पात्रात ओंडके ठेवले, खडी टाकली, काठावर झाडं लावली. मासे परत आलेही. पण आलेले कोहो पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड वासत, भोवऱ्यासारखे फिरत आणि काही तासांत मरून पडत. पाण्यात प्राणवायू पुरेसा होता, तापमान ठीक होतं, रोगाची लक्षणं नव्हती. धागा एकच सापडत होता: हे घडायचं ते पाऊस पडून गेल्यावर.

पहिला पाऊस आणि वर चढणारा मासा यांचं नातं कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. चढणीचे मासे, वलगणीचे मासे त्याने पाहिलेत, बहुधा खाल्लेतही. सिएटलला तो पाऊस मृगात नाही, पानगळीच्या दिवसांत येतो. जुलै-ऑगस्ट तिथे जवळजवळ कोरडे जातात. (पावसाचं शहर म्हणून एवढं गाजलेल्या सिएटलमध्ये वर्षभरात मुंबईच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो. मात्र तो रिमझिमत महिनोन् महिने रेंगाळतो, म्हणून नाव झालं.) त्या कोरड्या महिन्यांत रस्त्यावर जे काही साठतं, ते पहिल्या जोरदार सरीबरोबर ओढ्यात येतं. म्हणजे मासा ज्या पाण्याची वाट पाहत खाडीच्या तोंडाशी थांबलेला असतो, त्याच पाण्यातून त्याचं मरण येतं.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टकोमा केंद्रातले एडवर्ड कोलोजी आणि झेन्यू तियान, तसंच वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या जेनिफर मॅकिन्टायर यांनी सहकाऱ्यांसह या पाण्याची चाळण करायला घेतली. टायरचा चुरा भिजवलेल्या पाण्याने कोहो मरतात हे त्यांना कळलं होतं. पण त्या पाण्यात दोन हजारांहून जास्त रसायनं होती. पाणी गाळायचं, त्याचे भाग करायचे, कोणत्या भागात मासे मरतात ते पाहायचं, त्या भागाचे पुन्हा भाग करायचे. शेवटी हाताशी एकच पदार्थ उरला. त्याच्या रेणूत अठरा कार्बन, बावीस हायड्रोजन, दोन नायट्रोजन, दोन ऑक्सिजन असा हिशेब लागला, पण टायरमध्ये घालतात त्या पदार्थांच्या कुठल्याच यादीत तो नव्हता. तियान यांच्या लक्षात आलं की टायरमध्ये घातलेला पदार्थ वापरात बदलत असेल तर मूळ यादीत तो सापडणार कसा? सगळ्या टायरांत वापरल्या जाणाऱ्या ६पीपीडी या पदार्थात तेवढेच कार्बन, तेवढेच नायट्रोजन होते. दोन हायड्रोजन गेले होते आणि दोन ऑक्सिजन येऊन चिकटले होते.

६पीपीडी टायरमध्ये असतं ते आपल्याच जिवासाठी. हवेतला ओझोन रबराला चिरा पाडतो. ६पीपीडी पुढे होऊन ओझोनचा वार अंगावर घेतं आणि टायर वाचवतं. वार घेतल्यावर त्याचं जे होतं, ते ६पीपीडी-क्विनोन. टायर झिजतो, त्याची काजळीसारखी पूड रस्त्यावर पडते, पाऊस ती धुऊन नेतो. हा शोध २०२०च्या डिसेंबरात 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. नंतरच्या काटेकोर मोजणीत लिटरमागे ९५ नॅनोग्रॅम एवढ्या मात्रेत कोहोची निम्मी पिल्लं चोवीस तासांत मरतात असं दिसलं. म्हणजे एक ग्रॅम पदार्थ सुमारे एक कोटी लिटर पाण्याला, ऑलिम्पिक मापाच्या चार जलतरण तलावांना, पुरतो. गंमत म्हणावी की काय, पण त्याच पाण्यात कोहोचा चुलत भाऊ चम सॅल्मन निवांत पोहत राहतो.

आता वाचक रास्त प्रश्न विचारेल: टायर मी बनवत नाही, त्यात काय घालायचं हे मला कुणी विचारत नाही, मग मी करू काय?

याचं उत्तर मातीत आहे, आणि तेही प्रयोगाने सिद्ध झालेलं. सिएटल आणि रेडमंड यांना जोडणारा ५२० क्रमांकाचा महामार्ग आहे. रोज सकाळी त्यावरून सॉफ्टवेअर कंपन्यांकडे निघालेल्या मोटारींत मराठी माणसंही भरपूर असतात. या महामार्गावरून वाहणारं पाणी संशोधकांनी पिंपांत धरलं. त्यात सोडलेले कोहो मेले. मग तेच पाणी वाळू आणि कंपोस्ट खत यांच्या मिश्रणातून, जेमतेम दोन-तीन फूट जाडीच्या थरातून पाझरू दिलं. त्यात सोडलेले कोहो जगले. यंत्र नाही, वीज नाही, रसायन नाही. साठ टक्के वाळू आणि चाळीस टक्के कुजलेला पाला!

म्हणून त्या भागात 'रेन गार्डन' हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. आपण पाऊसबाग म्हणू. छपराच्या पन्हळीचं पाणी सरळ रस्त्यावर सोडण्याऐवजी अंगणात एक उथळ बशीसारखा खड्डा करायचा, त्यात वाळू-खताचं मिश्रण भरायचं, आणि पाण्यात पाय बुडाले तरी कुरकुर न करणारी स्थानिक झाडं लावायची: सोर्ड फर्न, लाल फांद्यांचं डॉगवुड, लव्हाळ्यासारखी गवतं. घराच्या पायापासून निदान दहा फूट लांब. आधी एक भोक खणून पाणी भरून पाहायचं. ते भराभर जिरलं तर जागा चांगली. २०११मध्ये, सिएटल ज्या सागरी खाडीच्या काठी वसलं आहे त्या प्युजेट साउंडच्या खोऱ्यात अशा बारा हजार बागा करण्याची मोहीमच निघाली, आणि सिएटलच्या ठराविक भागांत पालिका त्यासाठी खर्चाचा परतावाही देते.

साचलेलं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डेंग्यूची पथकं आणि कुंड्यांखालच्या बश्या येतात. ती भीती इथे गैरलागू आहे. नीट केलेल्या पाऊसबागेतलं पाणी एक-दोन दिवसांत जिरून जातं, आणि डासाच्या अळीला मोठं व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

ज्यांना अंगण नाही त्यांनी काय करायचं? इथे शहराच्या पोटातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. त्या भागातल्या बहुतेक उपनगरांत नळांची दोन वेगळी जाळी असतात. न्हाणीघराचं, संडासाचं, मोरीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळीखाली जे भोक असतं, ते मात्र पर्जन्यजलवाहिनीचं. त्यात गेलेलं पाणी कुठेही न थांबता, न गाळता, जवळच्या ओढ्यात उतरतं. पुष्कळ लोक वर्षानुवर्षं तिथे राहूनही दोन्ही एकच समजतात. मी स्वतः हे प्रकरण लिहायला घेईपर्यंत तसंच समजत होतो.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. नाशिकहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे राहायला आलेले बाबा. रविवारची सकाळ. अमेरिकेत गाडी धुवायला पैसे देतात या गोष्टीने आधीच अस्वस्थ. ते बादली, फडकं आणि साबणाची बाटली घेऊन घरासमोरच्या ड्राइव्हवेवर उतरतात आणि तासाभरात गाडी लख्ख करतात. साबण, तेलाचे थेंब, टायरची पूड आणि ब्रेकची धूळ घेऊन तो काळपट ओघळ उताराने जाळीत जातो आणि तिथून ओढ्यात. बाटलीवर 'निसर्गात विघटन होणारा' असं लिहिलेलं असलं तरी माशाच्या कल्ल्यांना त्याचा उपयोग नाही. विघटन व्हायला दिवस लागतात, ओढा दोनशे पावलांवर असतो. बाबांचा हात थांबवायची गरज नाही. गाडी हिरवळीवर घेतली की झालं, पाणी मातीत जिरेल. नाहीतर पैसे देऊन धुण्याच्या केंद्रात न्यावी, तिथलं पाणी सांडपाण्याच्या नळात जातं. गाडीखाली तेलाचा डाग दिसत असेल, तर मात्र धुण्याआधी गॅरेज.

ब्रेकच्या धुळीवर जरा थांबू या, कारण तिथे सॅल्मनचं नाक येतं.

आर्थर हॅस्लर हे विस्कॉन्सिनचे प्राणिशास्त्रज्ञ. बालपण युटा राज्यातलं. १९४०च्या दशकात ते तिथल्या डोंगरात फिरत असताना कड्याआडून एका धबधब्याचा गारवा आला, आणि त्याबरोबर शेवाळाचा आणि रानफुलांचा वास. क्षणात त्यांना लहानपणचे, केव्हाच विसरलेले सवंगडी आठवले. माणसाला एका वासाने एवढं आठवत असेल, तर सॅल्मनलाही त्याचा ओढा वासानेच आठवत असेल का? कल्पना तपासायला त्यांनी आणि वॉरन विस्बी यांनी जागा निवडली ती सिएटलजवळचा इसाक्वा ओढा, आज जिथे कितीतरी मराठी कुटुंबं राहतात त्या परिसरातला. ओढ्याच्या दोन फाट्यांवर परतलेले कोहो त्यांनी धरले, काहींच्या नाकपुड्या बंद केल्या, आणि सगळ्यांना दोन फाट्यांच्या संगमाखाली पुन्हा सोडलं. नाक उघडं असलेले बहुतेक मासे आपापल्या फाट्यात गेले. नाक बंद असलेल्यांची वाट चुकली. हे निष्कर्ष १९५४मध्ये प्रसिद्ध झाले.

जे नाक समुद्रातून परत येताना जन्मगावचा ओढा ओळखतं, तेच नाक जवळ जखमी झालेल्या माशाचा वासही ओळखतं आणि पिल्लाला सांगतं: हलू नकोस, शिकारी आहे. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबं पाण्यात विरघळलेलं असलं तरी ही जाणीव बोथट होते. तांबं कुठून येतं? पूर्वी ब्रेकच्या पॅडमध्ये ते भरपूर असायचं, प्रत्येक ब्रेकबरोबर थोडं झडायचं. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांनी २०१०मध्ये कायदे करून टप्प्याटप्प्याने ते जवळजवळ हद्दपार केलं: २०२१पासून पाच टक्क्यांच्या आत, २०२५पासून अर्ध्या टक्क्याच्या आत. बागेत फवारायचं डायझिनॉन हे कीटकनाशकही नाकावरच घाव घालायचं. घरगुती वापरातून ते २००४मध्ये गेलं. पण दुकानाच्या फळीवर त्याच्या जागी दुसरं आलंच. तेव्हा मावा पडला की लगेच बाटली शोधण्याआधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहावा. सिएटलच्या दमट हवेत छपरावर शेवाळ धरतं, ते घालवायला जस्ताची पूड विकतात. ती थेट पन्हळीतून ओढ्यात जाते. शिडी आणि झाडू हा उपाय कष्टाचा आहे, पण माशाला तोच परवडतो.

काही चुका चांगल्या हेतूने होतात, आणि त्यांच्याबद्दल मला जास्त लिहावंसं वाटतं. विसाव्या शतकात अनेक दशकं सरकारी खात्यांनी आणि उत्साही नागरिकांनी तिथले ओढे 'साफ' केले. पात्रात पडलेले ओंडके, गुंतलेल्या फांद्या, मुळं सगळं उपसून काढलं. माशांची वाट मोकळी होईल हा हिशेब. वाट मोकळी झाली, पण ओढ्याचं गटार झालं. पाणी सरळ आणि वेगाने धावू लागलं, खडी वाहून गेली, आणि पिल्लांना थांबायला जागा उरली नाही. कोहोचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर समुद्राला जाण्याआधी वर्षभर तरी ओढ्यातच काढतं. त्याला ओंडक्याच्या आडचा संथ डोह लागतो, सावली लागते, वरून टपकणारे किडे लागतात. शहाणपण आल्यावर त्याच खात्यांनी क्रेन लावून, काही ठिकाणी हेलिकॉप्टरने, पात्रात पुन्हा ओंडके नेऊन ठेवले. घरामागून ओढा जात असेल तर सगळ्यात मोठं काम म्हणजे हात न लावणं. पडलेलं झाड पडू द्या. काठापर्यंत गवत कापू नका. आपल्या स्वच्छतेच्या संस्काराला हे जड जातं, मला मान्य आहे.

तसंच पाण्यात उतरण्याचं. मादी शेपटीने खडी उडवून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी ओढते. बाहेरून दिसतो तो आजूबाजूच्या खडीपेक्षा जरा स्वच्छ, उजळ असा एक पट्टा. मुलं आणि कुत्री नेमकी त्यावरूनच पाणी उडवत धावतात. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत काठावरूनच पाहावं.

पाणी वाचवा हा उपदेश आपल्याला पाठ आहे, म्हणून तो ऐकूच येत नाही. सिएटलपुरती त्यामागची नळजोडणी सांगतो. शहराच्या पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश पाणी सीडर नदीतून येतं, आणि त्याच नदीत चिनूक, सॉकआय आणि कोहो या जातींचे सॅल्मन येतात. १९०१पासून लँड्सबर्गच्या बंधाऱ्याने त्यांची वरची वाट अडवली होती, ती २००३मध्ये चिनूक आणि कोहो यांच्यासाठी मोकळी झाली. ऑगस्ट-सप्टेंबरात नदी सगळ्यात रोड असते, आणि तेव्हाच सगळे आपापल्या हिरवळीवर फवारे लावतात. हिरवळ पिवळी पडू द्यावी. ती मरत नाही, झोपते. पहिल्या पावसाबरोबर पुन्हा उठते.

औषधांचं थोडक्यात. संडासात टाकलेली गोळी शुद्धीकरण केंद्रात पूर्ण नष्ट होत नाही. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्युजेट साउंडच्या खाड्यांत सोडल्या जाणाऱ्या शुद्धीकरण केंद्रांच्या पाण्यात, मुख्यतः औषधं आणि प्रसाधनांतली, ८१ रसायनं सापडली, आणि त्यांतली बरीच चिनूकच्या पिल्लांतही; त्यांत नैराश्यावरच्या गोळ्याही होत्या. उरलेली औषधं परत घेणाऱ्या पेट्या तिथल्या औषधदुकानांत असतात.

आणि खाण्याचं? सॅल्मन वाचवायचा म्हणजे खायचा नाही, असा सरळ हिशेब मला पटत नाही. अलास्काचा रानटी सॅल्मन हा काटेकोर मोजदाद करून पकडला जातो, आणि त्या राज्याने १९९०मध्ये मत्स्यपालनाचे पिंजरेच बंद केले. पिंजऱ्यांचा धोका काय, हे वॉशिंग्टनमध्ये २०१७च्या ऑगस्टात दिसलं. सायप्रस बेटाजवळचा एक पिंजरा कोसळला आणि सुमारे अडीच लाख अटलांटिक सॅल्मन परक्या समुद्रात मोकळे सुटले. मुंबईच्या हॉटेलांत गुलाबी तुकडा म्हणून येतो तो बहुधा पिंजऱ्यातला अटलांटिक सॅल्मनच. राहता राहिला 'इंडियन सॅल्मन'. तो आपला रावस, त्याचं सॅल्मनशी कुळाचंही नातं नाही. नाव कुण्या साहेबाच्या जिभेला आठवण झाली म्हणून पडलं असावं, असा माझा तर्क.

हे सगळं करून सॅल्मन वाचेल का? नुसतं एवढ्याने नाही. रस्त्यांखालचे चुकीच्या उंचीवर बसवलेले नळ हजारो ठिकाणी माशांची वाट अडवतात, आणि ते बदलायला वॉशिंग्टन राज्याला भाग पाडलं ते तिथल्या आदिवासी जमातींनी, कोर्टात. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तो निकाल टिकला. त्या लढ्याची मुळं निस्क्वाली जमातीच्या बिली फ्रँक ज्युनियर यांच्यापर्यंत जातात. मासे धरण्याच्या हक्कासाठी त्यांना पहिली अटक झाली १४व्या वर्षी, आणि पुढे पन्नासहून जास्त वेळा. न्यायाधीश बोल्ट यांच्या १९७४च्या निकालाने तो हक्क मान्य झाला. एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली, तीही लोअर एल्व्हा क्लालम जमातीने दशकानुदशकं लावून धरलं म्हणून. ६पीपीडी टायरमधून काढा, असा अर्ज अमेरिकेच्या पर्यावरण खात्याकडे २०२३मध्ये केला तोही युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लालम आणि पुयालप या जमातींनीच. त्याची दखल घेतली गेली, पण टायरमधल्या ६पीपीडीला पर्याय सापडायचा आहे. तोवर कोहो आणि टायर यांच्यामध्ये उभं राहायला मातीशिवाय दुसरं काही नाही.

म्हणून त्या भागात राहणाऱ्यांनी पहिलं काम खणण्याचं करू नये, पाहण्याचं करावं. पुढच्या जोरदार सरीत छत्री घेऊन बाहेर पडावं, शेजाऱ्यांना काय वाटेल ते वाटू द्यावं, आणि आपल्या छपराच्या पन्हळीपासून पाण्याच्या मागे मागे चालत जावं. कुठे ते गवतात शिरतं, कुठे सिमेंटवरून घसरतं, कुठे तेलाच्या डागावरून जाताना त्यावर इंद्रधनुषी तवंग येतो, ते बघत. बहुतेक घरांपासून तीस-चाळीस पावलांत लोखंडी जाळी लागेल. तिच्या कडेला वाकून पाहिलं तर पुष्कळदा एक छोटी चकती चिकटवलेली सापडते, आणि तिच्यावर मासा काढलेला असतो.